लंब म्हणजे उभा नव्हे

'लंब' हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक उभी रेघ येते. खाली आडवी रेघ, तिच्यावर उभी रेघ आणि दोहोंच्या कोपऱ्यात काटकोनाची ती चिमुकली चौकट. शाळेत फळ्यावर लंब काढतात तो बहुधा असाच, आणि त्यामुळे लंब म्हणजे उभा अशी जी समजूत मनात बसते ती सहसा उठत नाही. दोष एकट्या फळ्याचा आहे असेही नाही. तो शब्दाच्याच पोटात दडलेला आहे. संस्कृतात 'लंब्' या धातूचा अर्थ लोंबणे, लटकणे. आपल्या गवंड्याचा ओळंबा हा मूळचा 'अवलंब'. इंग्रजीतला 'पर्पेंडिक्युलर' हा शब्द लॅटिनमधल्या 'पर्पेंडिक्युलम'वरून आला आणि त्याचाही अर्थ ओळंबाच. म्हणजे इकडे काय किंवा तिकडे काय, दोरीला बांधून सोडलेल्या वजनावरूनच या कल्पनेला नाव मिळाले. ओळंबा नेहमी उभाच असतो, कारण त्याला ओढणारी पृथ्वी एकच. भूमितीतला लंब मात्र उभा असेलच असे नाही. तो कशाला तरी लंब असतो. नुसते 'लंबरेषा' म्हणणे हे नुसते 'मेहुणा' म्हणण्यासारखे आहे. कोणाचा, हे सांगितल्याखेरीज शब्द पुरा होत नाही.

कला शाखेच्या वार्षिकात समीकरणे कशाला, असे काहींना वाटेल. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि गणिताचा पेपर सुटावा म्हणून इकडे आलेले पुष्कळ मित्रमैत्रिणी मला ठाऊक आहेत. दहावीच्या भूमितीत 'रेषेचा चढ' त्यांना भेटलेला असतो. त्यापुढची पायरी चढण्याआधीच वाट बदललेली असते. ती एक पायरी इथे चढून पाहावी एवढाच हेतू आहे. प्रश्न असा: एक रेषा दिली आहे आणि एक बिंदू दिला आहे. त्या बिंदूतून जाणारी आणि त्या रेषेशी काटकोन करणारी रेषा कोणती? तिचे समीकरण लिहा.

आधी 'समीकरण' या शब्दाचा धसका घालवला पाहिजे. रेषेचे समीकरण म्हणजे त्या रेषेवर असण्याची अट. समजा एका ठरलेल्या दगडापासून आपण अंतरे मोजतो आहोत. पूर्वेकडचे अंतर क्ष आणि उत्तरेकडचे य. आता एखाद्या रस्त्याविषयी मी म्हटले की 'पूर्वेकडे जितके जाल त्याच्या पाऊणपट उत्तरेकडे', तर तो रस्ता मी पूर्णपणे सांगून टाकला. त्याच वाक्याचे लघुलेखन असे:

य = (३/४) क्ष

कोणताही बिंदू आणा. अट पाळत असेल तर तो रस्त्यावर, नसेल तर रस्त्याबाहेर. यातला 'पाऊण' म्हणजेच त्या रेषेचा चढ: पूर्वेकडे ४ पावले गेले की उत्तरेकडे ३ पावले. पूर्वेकडे जाताना रेषा दक्षिणेकडे उतरत असेल तर चढ ऋण धरायचा. बस्स, एवढीच सामग्री लागते.

पाऊणपट चढाचा हा रस्ता मी मनाने रचलेला नाही. आमचे शेत चाळीसगाव तालुक्यात आहे. आबा, म्हणजे माझे आजोबा, यांच्या डोळ्यांदेखत वडिलांची आणि काकांची वाटणी झाली. रस्त्याकडचा तुकडा काकांकडे गेला. विहीर आणि तिच्यामागचे रान आमच्याकडे आले. विहिरीपर्यंत ट्रॅक्टर न्यायचा तर काकांच्या रानातून वाट हवी. ती तीन मीटर रुंद असावी असे ठरले. पण कोठून? काकांचे म्हणणे सरळ होते. वाट द्यायला त्यांची ना नव्हती. मात्र पेरणीखालची जमीन कमीत कमी जावी, एवढीच त्यांची मागणी. यावर घरात दोन मते पडली. एक मत असे की, रस्त्याला लागून जो हद्दीचा दगड आहे तिथून थेट विहिरीकडे निघावे, कारण दगड सर्वांना माहीत आहे. आबांचे मत असे की, विहिरीवरून नीट दक्षिणेला उतरावे. 'सरळ खाली या की रस्ता लागतो, त्याहून जवळ काय असणार?' असे ते म्हणत. घरात आवाज चढले नाहीत, पण दोन दिवस काका जेवायला आले नाहीत. आमच्याकडे ही खूण पुरेशी असते.

मी मोजणीचा नकाशा आलेखाच्या कागदावर उतरवला. दगड हा आरंभबिंदू, म्हणजे (०, ०). एक घर म्हणजे १० मीटर. रस्ता दगडापाशी सुरू होऊन ईशान्येच्या बाजूने तिरपा जातो. ४ घरे पूर्वेला आणि ३ घरे उत्तरेला, म्हणजेच वरचा पाऊणपट चढ. विहीर दगडापासून १ घर पूर्वेला आणि ७ घरे उत्तरेला, म्हणजे (१, ७). (मूळ आकडे इतके देखणे नव्हते; वाचकांसाठी मी ते थोडे घासूनपुसून घेतले आहेत.)

आता आबांची वाट पाहू. विहिरीवरून नीट दक्षिणेला उतरताना क्ष बदलत नाही, तो १ च राहतो. तिथे रस्त्याचा य हा १ च्या पाऊणपट, म्हणजे ०.७५. तेव्हा वाटेची लांबी ७ वजा ०.७५, म्हणजे ६.२५ घरे, ६२.५ मीटर. दगडाकडची वाट पायथागोरसच्या सिद्धांताने निघते: १ चा वर्ग अधिक ७ चा वर्ग, म्हणजे ५०, त्याचे वर्गमूळ सुमारे ७.०७, म्हणून ७०.७ मीटर. आबा दगडवाल्यांपेक्षा बरोबर होते, पण पुरते बरोबर नव्हते. रस्ता पूर्व-पश्चिम असता तर त्यांचा शब्द अखेरचा ठरला असता. रस्ता तिरपा होता, म्हणून त्याला लंब असलेली वाटही तिरपी हवी होती. उभी वाट आणि लंब वाट यांतला फरक इथे जमिनीवर दिसत होता.

तिरप्या रेषेला लंब असलेल्या रेषेचा चढ किती? पुस्तकातला नियम असा की, दोन रेषा परस्परांना लंब असतील तर त्यांच्या चढांचा गुणाकार −१ येतो. म्हणून चढ ३/४ असेल तर लंबाचा चढ −४/३. अपूर्णांक उलटा करा आणि चिन्ह बदला. हा नियम पाठ करणारे खूप भेटतात. तो असा का, हे विचारणारे थोडे. आणि खरी गंमत त्या 'का'मध्येच आहे.

आलेखाचा एक कागद घ्या. मधोमध एक बिंदू ठेवा. तिथून ४ घरे पूर्वेला आणि ३ घरे उत्तरेला जाऊन दुसरा बिंदू मांडा, दोन्ही जोडा. आता कागद त्या मधल्या बिंदूभोवती पाव फेरा फिरवा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. रेषा काटकोनातून फिरली, म्हणजे ती आता आपल्या पूर्वीच्या जागेला लंब झाली. मग पावलांचे काय झाले? जी ४ पावले पूर्वेला होती ती आता उत्तरेला गेली. जी ३ पावले उत्तरेला होती ती पश्चिमेला वळली. म्हणजे नव्या रेषेवर ३ पावले पश्चिमेला गेले की ४ पावले उत्तरेला. पश्चिम म्हणजे ऋण पूर्व. तेव्हा चढ ४/(−३). अपूर्णांक उलटा का झाला? कारण पूर्वेची पावले उत्तरेची झाली आणि उत्तरेची पावले पूर्व-पश्चिम रांगेत आली. चिन्ह का बदलले? कारण पाव फेऱ्यात उत्तर पश्चिमेकडे वळते, पूर्वेकडे नाही. यापेक्षा जास्त त्यात काही नाही. ते वजाचे चिन्ह नियमाला चिकटलेले शेपूट नव्हे. ती वळण्याची खूण आहे.

ज्यांना कागद फिरवण्यावर विश्वास नसेल त्यांनी अंतरे मोजावीत. (०, ०) पासून (४, ३) चे अंतर ५, आणि (०, ०) पासून (−३, ४) चे अंतरही ५. त्यांचे वर्ग २५ आणि २५, बेरीज ५०. आता (४, ३) आणि (−३, ४) यांच्यातले अंतर: पूर्व-पश्चिम ७, उत्तर-दक्षिण १, ४९ अधिक १ म्हणजे ५०. पायथागोरसचा सिद्धांत जुळला, म्हणून मधला कोन काटकोन. पाया आखताना आपले गवंडी हेच करतात. एका दोरीवर तीन फुटांची खूण, दुसरीवर चार फुटांची, आणि तिरपे अंतर पाच फूट भरेपर्यंत दोरी सरकवायची. 'शुल्ब' या शब्दाचा अर्थच दोरी. यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात ३ आणि ४, ५ आणि १२, ८ आणि १५ अशा बाजूंच्या जोड्या दिलेल्या आहेत. ५ आणि १२ ची जोडी लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

आता आमच्या वाटेचे समीकरण. चढ −४/३ आणि वाट (१, ७) मधून जाते. विहिरीपासून वाटेवरच्या कोणत्याही बिंदूपर्यंत उत्तरेकडचा फरक (य − ७) आणि पूर्वेकडचा फरक (क्ष − १). या दोहोंचे गुणोत्तर नेहमी −४/३ राहिले पाहिजे. म्हणून

य − ७ = −(४/३) (क्ष − १)

छेद काढून टाकला, पदे जुळवून घेतली की

४क्ष + ३य = २५

ताळा पाहू. विहीर घाला: ४ अधिक २१, पंचवीस. ठीक. मग ही वाट रस्त्याला कोठे मिळते? रस्त्यावर य हा क्ष च्या पाऊणपट. तो इथे घातला तर ४क्ष अधिक सव्वादोन क्ष, म्हणजे सव्वासहा क्ष बरोबर २५. क्ष आला ४ आणि य आला ३. बिंदू (४, ३). तिथून विहिरीपर्यंत ३ घरे पूर्व-पश्चिम आणि ४ घरे उत्तर-दक्षिण. अंतर ५ घरे, म्हणजे ५० मीटर. दगडापासून रस्त्याने मोजले तर तो बिंदूही बरोबर ५० मीटरवर येतो. त्यामुळे जागेवर खुंटी ठोकायला आलेखाचा कागद लागलाच नाही. दगडापासून रस्त्याच्या कडेने टेप धरली की काम झाले.

सर्वसाधारण रीत हवी असेल तर अशी: रेषेचा चढ च असेल आणि दिलेला बिंदू (ग, घ) असेल, तर लंबाचे समीकरण

य − घ = −(१/च) (क्ष − ग)

जमिनीच्या भाषेत सांगायचे तर तीन मीटर रुंदीने दगडाच्या वाटेत सुमारे २१२ चौरस मीटर जात होते, आबांच्या वाटेत १८७.५ आणि लंब वाटेत १५०. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौरस, सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा प्रश्न दोन गुंठ्यांहून थोडे जास्त की दीड गुंठा, असा होता. कोरडवाहू कापसात अर्धा गुंठा म्हणजे काही मोठी इस्टेट नव्हे. पण भावाभावांत अर्ध्या गुंठ्याचा अर्थ पिकावर मोजत नाहीत.

काकांनी तिन्ही वाटा स्वतः टेपने मोजून पाहिल्या, मग मान हलवली. तरी वाट शेवटी तिथेच निघाली नाही. एक मीटर सरकली, कारण नेमक्या त्या जागी कडुनिंब उभा होता आणि तो तोडायला काकांसकट कोणीच तयार नव्हते. या सरकण्याने लांबी किती वाढली? ५० चा वर्ग अधिक १ चा वर्ग, म्हणजे २५०१, वर्गमूळ ५०.०१. एका मीटरने सरकून फक्त एक सेंटिमीटर! दोन मीटर सरकलो असतो तर चार सेंटिमीटर. लंबाच्या आसपास अंतर फार हळू वाढते, हे मला सगळ्या हिशेबात सर्वांत सुंदर वाटले. कडुनिंब वाचायला ते पुरेसे होते.

याच गोष्टीला दुसरीही बाजू आहे आणि ती मोजणीदारांना पक्की ठाऊक असते. बिंदूपासून रेषेचे अंतर मोजण्याची एक सोपी रीत अशी की, टेपचे एक टोक बिंदूवर धरावे आणि दुसरे रेषेवर इकडून तिकडे झुलवावे. सर्वांत कमी भरेल ते लंबांतर. लांबी या रीतीने चांगली मिळते. पण लंब रेषेवर नेमका कोठे पडतो हे या रीतीने नीट कळत नाही, कारण मीटरभर चुकले तरी टेप जेमतेम सेंटिमीटरचा फरक दाखवते. तो पाया हवा असेल तर काटकोन पाहणारे साधन हवे. म्हणून साखळीच्या मोजणीत क्रॉस-स्टाफ नावाची काठी वापरत: डोक्यावर परस्परांना काटकोनात पाडलेल्या खाचा, एका खाचेतून रेषेवरची खूण पाहायची, दुसरीतून शेताचा कोपरा. दोन्ही एकदम दिसेपर्यंत रेषेवरून मागेपुढे सरकायचे. आपल्याकडची जुनी साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. आता मोजणीला इलेक्ट्रॉनिक आणि उपग्रहांच्या आधाराने चालणारी यंत्रे येतात. ती आधी बिंदूंचे निर्देशक देतात आणि लंब मागाहून हिशेबाने काढतात. म्हणजे आमच्या आलेखकागदावरचाच उद्योग, पण पुष्कळ अधिक बारकाईने.

वरच्या रीतीत एक खाच आहे, ती सांगून टाकते. दिलेली रेषा अगदी आडवी असेल तर तिचा चढ शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. अगदी उभी असेल तर तिला चढच नाही. अशा वेळी सूत्र अडते, पण उत्तर समोर दिसते. आडव्या रेषेला लंब उभी: क्ष = ग. उभ्या रेषेला लंब आडवी: य = घ. ही अडचण टाळणारी लेखनाची दुसरी तऱ्हा मला जास्त आवडते. रेषा ल·क्ष + म·य = न अशी लिहावी; लंब काढताना ल आणि म यांची अदलाबदल करावी आणि एकाचे चिन्ह बदलावे: म·क्ष − ल·य. उजवीकडचा आकडा दिलेला बिंदू घातला की आपोआप मिळतो. आमचा रस्ता ३क्ष − ४य = ०, वाट ४क्ष + ३य = २५. पाव फेरा इथे नुसता डोळ्यांना दिसतो.

युक्लिडने, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास, या प्रश्नाचे दोन प्रश्न केले होते. त्याच्या पहिल्या पुस्तकातले अकरावे प्रमेय रेषेवरच्या बिंदूतून लंब काढते आणि बारावे रेषेबाहेरच्या बिंदूतून. दोन्हींची कंपासपट्टीने करायची रचना वेगळी. समीकरणाला हा भेद नाही. बिंदू रस्त्यावर असो की विहिरीवर, रीत एकच. हा लाभ ज्या विचारामुळे झाला त्याचा एक जनक देकार्त. तत्त्वज्ञानाच्या पेपरात संशयाच्या पद्धतीसाठी आपण ज्याला वाचतो तोच. १६३७ मध्ये त्याने आपल्या पद्धतीविषयीच्या ग्रंथाला भूमितीवरचे एक प्रकरण जोडले. आज शाळेत काढतात तसे दोन अक्ष त्यात काढलेले नाहीत. पण वक्र रेषेला एखाद्या बिंदूतून लंब कसा काढावा या प्रश्नाला त्याने त्यात फार मोठे स्थान दिले. फर्मानेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हाच मार्ग धरला होता.

आता थोडे आमच्या अर्थशास्त्राकडे. मागणीची रेषा उतरती, पुरवठ्याची चढती. काही पुस्तकांत ती दोन इतकी नीटस फुलीसारखी काढलेली असतात की त्या परस्परांना लंबच आहेत असे वाटावे. हा भास आहे, आणि का आहे हे पाहण्यासारखे आहे. समजा प्रत्येक जादा क्विंटलमागे मागणीची किंमत २ रुपयांनी उतरते आणि पुरवठ्याची अर्ध्या रुपयाने चढते. चढ −२ आणि १/२; गुणाकार −१. झाल्या लंब! पण तेच नग आता क्विंटलऐवजी किलोत मोजा. चढ होतात −०.०२ आणि ०.००५, गुणाकार −०.०००१. बाजारात काहीही घडले नाही, आणि लंब मात्र मोडला. शेतात पूर्वेचा मीटर आणि उत्तरेचा मीटर एकच असतो, म्हणून कागद फिरवता येतो. रुपया फिरवून त्याचा क्विंटल होत नाही. ज्या आलेखाच्या दोन अक्षांवर दोन जातींच्या वस्तू आहेत, तिथे काटकोनाला अर्थ नाही.

सांख्यिकीच्या तासाला मला पडलेल्या एका प्रश्नाचे उत्तर इथेच सापडले. ठिपक्यांच्या गर्दीतून सर्वांत जवळची रेषा काढायची ती न्यूनतम वर्ग पद्धत, लजांद्रने १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेली. तीत ठिपक्याचे रेषेपासूनचे अंतर उभे मोजतात, लंब नव्हे. सर्वांत कमी अंतर लंबच, मग उभे का मोजावे? मुख्य कारण असे की, आपल्याला क्ष वरून य चा अंदाज करायचा असतो, आणि अंदाज चुकतो तो य मध्ये, म्हणजे उभ्या दिशेतच. शिवाय लंब अंतर घेतले तर एकक बदलताच रेषा बदलली असती. म्हणजे आबांची 'नीट खाली उतरण्याची' रीत शेतात मागे पडली तरी सांख्यिकीत तीच योग्य आहे!

चाळीसगावच्या परिसरात राहून लंबाविषयी लिहायचे आणि भास्कराचार्यांचे नाव घ्यायचे नाही, हे बरे दिसणार नाही. तालुक्यातल्या पाटण येथे, पाटणादेवीच्या रानाजवळ, त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे; १२०७ च्या सुमाराचा. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. ११५० मध्ये पुऱ्या झालेल्या 'सिद्धांतशिरोमणी'चा पहिला भाग 'लीलावती'. तीत एक त्रिकोण दिला आहे: पाया १४, बाजू १३ आणि १५. लंबाने पायाचे जे दोन तुकडे पडतात त्यांना भास्कराचार्य 'आबाधा' म्हणतात. त्यांची रीत: बाजूंच्या वर्गांतला फरक, २२५ वजा १६९ म्हणजे ५६, त्याला १४ ने भागले की ४, हा दोन आबाधांमधला फरक. बेरीज १४ आहेच. म्हणून आबाधा ५ आणि ९. मग ५ आणि १३ वरून लंब १२ (वर सांगितलेली जोडी ती हीच), आणि क्षेत्रफळ ८४.

हा त्रिकोण आपल्या कागदावर ठेवू: (०, ०), (१४, ०) आणि (५, १२). वरच्या टोकातून पायावरचा लंब तो क्ष = ५. हा उभा. पण त्रिकोणाला लंब तीन असतात. (०, ०) मधून समोरच्या बाजूवर लंब टाकू. ती बाजू (१४, ०) पासून (५, १२) पर्यंत, ९ पश्चिमेला, १२ उत्तरेला, चढ −४/३. लंबाचा चढ ३/४. अरे, हा तर आमचाच रस्ता: य = (३/४) क्ष! तो त्या बाजूला (८.९६, ६.७२) मध्ये मिळतो आणि त्याची लांबी ११.२ भरते. ताळा पाहायचा तर बाजू १५, लंब ११.२, गुणाकाराचे अर्धे ८४. आठ शतकांपूर्वीचे क्षेत्रफळ जसेच्या तसे. तिसरा लंब (१४, ०) मधून. समोरच्या बाजूचा चढ १२/५, म्हणून याचा −५/१२. आता या दोन्ही तिरप्या लंबांत क्ष = ५ घाला. पहिल्यात य येतो ३.७५. दुसऱ्यात −५/१२ गुणिले −९, म्हणजे पुन्हा ३.७५. तिन्ही लंब एकाच बिंदूतून गेले. त्रिकोण कोणताही घ्या, हे होतेच.

भास्कराचार्यांनी आणखी एक उदाहरण दिले आहे, ते अधिक खोडकर आहे: बाजू १० आणि १७, पाया ९. रीतीने आबाधांमधला फरक २१ येतो, पण त्यांची बेरीज तर ९ आहे. मग एक आबाधा १५ आणि दुसरी −६. ऋण लांबी? भास्कराचार्य डगमगत नाहीत. ऋण म्हणजे उलट दिशेला, असे सांगून ते पुढे जातात. लंब पायावर पडतच नाही, पाया मागे वाढवला की त्या वाढवलेल्या भागावर पडतो. लंब ८, क्षेत्रफळ ३६. कागद फिरवताना उत्तरेची पावले पश्चिमेला वळून ऋण झाली होती ती याच अर्थाने, आणि देकार्तच्या जवळजवळ पाच शतके आधी तो अर्थ इथे स्वच्छ सांगितलेला होता.

हाही त्रिकोण मांडून पाहावा: (०, ०), (९, ०) आणि (−६, ८). पहिला लंब क्ष = −६. दुसरा (०, ०) मधून. समोरच्या बाजूचा चढ −८/१५, म्हणून याचा १५/८. तिसरा (९, ०) मधून. समोरच्या बाजूचा चढ −४/३, म्हणून याचा, पुन्हा एकदा, ३/४. दोहोंत क्ष = −६ घातले की य येतो −११.२५. या वेळी तिन्ही लंब भेटतात ते त्रिकोणाच्या बाहेर, पायाच्याही खाली. आलेखाचा कागद उभा धरला असेल तर खालची घरे बहुधा अपुरी पडतील. आरंभबिंदू सुरुवातीलाच थोडा वर घ्यावा.